हाताने सोल्डरिंग: दुरुस्तीच्या टेबलापाशी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलापाशी उभं राहून लोक सोल्डरिंगबद्दल, म्हणजे सोल्डर नावाचा सहज वितळणारा धातू वितळवून पार्ट बोर्डाला जोडण्याबद्दल, जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांत वालचंद कॉलेजची प्रोजेक्टवाली पोरं असतात, आयटीआयची असतात, आणि तासगाव-पलूसकडून पंपाच्या स्टार्टरचा बोर्ड पिशवीत घालून आलेले बागायतदारही असतात. प्रश्न वेगवेगळे, पण बरीचशी उत्तरं फिरून एकाच मुद्द्यावर येतात. सोल्डरिंगचं आयर्न फार गरम होतं म्हणून बोर्ड क्वचित जळतो, ते फार वेळ टेकवून ठेवलं म्हणून मात्र नेहमी जळतो. भीतीपोटी तापमान कमी ठेवणारा माणूसच जास्त पॅड (बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या) उखडतो.

२५ वॅटचं साधं आयर्न पुरेल का, की स्टेशनच घ्यावं?

शिकायला, वायरी जोडायला, पायवाले मोठे पार्ट बसवायला २५ वॅटचं आयर्न पुरतं. सोल्ड्रॉनच्या तसल्या आयर्नवर कित्येक टीव्ही मेकॅनिकांनी संसार केले. फक्त त्याच्या आत तापमान धरून ठेवणारं काही नसतं. जेवढी वीज, तेवढी उष्णता. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. २३० व्होल्टला जे आयर्न २५ वॅट देतं, तेच १८० व्होल्टला जेमतेम १५ वॅट देतं. मळ्यातल्या घरात संध्याकाळी आजूबाजूचे पंप सुरू झाले आणि व्होल्टेज खाली आलं, की सोल्डर लापशीसारखं घट्ट वाहायला लागतं. पोरगं म्हणतं, मला जमत नाही. त्याचा दोष नसतो, आयर्नमध्येच जीव उरलेला नसतो. उलट रात्री उशिरा व्होल्टेज २५० वर गेलं, की तेच आयर्न नुसतं स्टँडवर पडून गरजेपेक्षा जास्त तापतं आणि बिट, म्हणजे आयर्नचं टोक, काळी करून टाकतं.

स्टेशनमध्ये बिटच्या जवळ तापमान मोजणारा सेन्सर असतो. बिट थंड पडली की तो हीटरला वीज सोडतो. ६०-७० वॅटचं स्टेशन म्हणजे जास्त गरम आयर्न नव्हे. पॅडला टेकल्यावर गेलेली उष्णता लगेच भरून काढणारं आयर्न, एवढाच त्याचा अर्थ. रोजचं काम असेल किंवा बारीक पार्ट लावायचे असतील तर स्टेशन घ्या. टी१२ जातीच्या बिटा लागणारी स्टेशनं स्वस्त झाली आहेत आणि त्यांत हीटर बिटमध्येच असतो, त्यामुळे ती फार पटकन तापतात. काहीही घेतलं तरी तीन पिनचा प्लग आणि खरी अर्थिंग हवी. पिनला वायर जोडलेली आहे आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नाही, असं जुन्या वाड्यांमध्ये सर्रास दिसतं.

तापमान किती ठेवायचं?

शिसं असलेल्या सोल्डरच्या तारेला ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, बिनशिशाच्या तारेला ३५० ते ३८०.

सोल्डर १८३ अंशांना वितळतं, मग एवढं जास्त कशाला?

कारण ३५० हे बिटचं तापमान आहे, जोडाचं नाही. टेकवल्याबरोबर बिटची उष्णता पॅडमध्ये, पायात आणि ट्रॅकमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत) पळते. जोड वितळणबिंदूच्या तीस-चाळीस अंश वर जाऊन दोनतीन सेकंद राहिला की काम झालं. ते दोनतीन सेकंदांत व्हावं म्हणून बिट एवढी गरम लागते. तुम्ही २७० वर ठेवलंत तर दहा-पंधरा सेकंद टेकवून बसावं लागतं. तेवढ्या वेळात फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढणारं द्रव्य) जळून जातो, उष्णता पायातून वर पार्टच्या पोटात जाते आणि पॅडखालचा चिकट थर मऊ पडतो. म्हणजे वाचवायला गेलात बोर्ड आणि शिजवलात बोर्डच.

याचा अर्थ ४५० वर ठेवा असाही नाही. तिथे फ्लक्स टेकताच करपतो आणि बिट काही दिवसांत खड्डे पडून संपते.

तार कोणती घ्यावी?

शिकणाऱ्याने ६३/३७ घ्यावी: ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. ही १८३ अंशांना सरळ घनाची द्रव होते आणि तशीच सरळ गोठते. ६०/४० जवळपास तशीच, पण १८३ ते १९० च्या दरम्यान ती थोडा वेळ अर्धवट गोठलेली असते. त्या क्षणी हात हलला तर जोड आतून चिरतो. सवय झालेल्या हाताला फरक पडत नाही, नवख्याला पडतो.

बिनशिशाच्या तारेत साधारणपणे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. ती २१७ ते २२० अंशांना वितळते. युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात शिशावर बंधन आणलं, म्हणून कंपनीतून आलेले आजचे बोर्ड बहुधा बिनशिशाचे असतात. दुरुस्तीत त्यावर शिशाची तार वापरली तर चालतं. जुनं सोल्डर आधी काढून घ्या, म्हणजे मिश्रण नीट होईल. विकायचा किंवा निर्यातीचा माल बनवत असाल तर मात्र तसं करता येत नाही.

जाडी: पायवाल्या पार्टना ०.८ मिलिमीटर, बारीक कामाला ०.५. दीड मिलिमीटरची जाड तार बोर्डाला नको, एका क्षणात डबकं होतं. आणि तार घेताना पोटात फ्लक्स असलेलीच घ्या. बाजारात किलोवर विकली जाणारी सुट्टी, बिननावाची तार काळपट असेल, वितळायला वेळ घेत असेल, तर तीत शिसं जास्त आहे असं समजा.

बिट काळी पडते, सोल्डर धरत नाही. काय करावं?

कल्हईवाला पितळी पातेल्याला काय करतो ते आठवा. भांडं तापवतो, नवसागर मारतो, धूर निघतो तेव्हा पितळेवरचा ऑक्साइड सुटतो, आणि त्या स्वच्छ झालेल्या जागेवर कथील फिरवलं की चकचकीत थर बसतो. नवसागर न मारता नुसतं कथील टाकलं तर ते थेंब होऊन घरंगळतं. बिटचंही तसंच. तिच्या टोकावर कथलाचा ओला थर असेल तरच उष्णता पलीकडे जाते. थर गेला, लोखंड उघडं पडलं आणि ऑक्साइड धरला, की ४०० अंशांची बिटसुद्धा सोल्डर वितळवत नाही.

म्हणून बिट स्टँडवर ठेवण्याआधी टोकावर थोडं सोल्डर ठेवायचं. बंद करण्याआधी तर भरपूर. आपल्याकडे उलटं करतात: स्पंजवर लख्ख पुसतात आणि मग ठेवून देतात. पुसायचं ते जोड देण्याच्या आधी. स्पंज असेल तर तो ओलसर हवा, पाणी गळणारा नको. पितळी तारांचा चोथा त्याहून बरा, त्याने बिट थंड पडत नाही.

काळी पडलेली बिट परत आणायची तर तापमान ३०० च्या आसपास आणा, फ्लक्समध्ये बुडवा, जाड तारेचं सोल्डर लावत चोथ्यात घासा, पुन्हा लावा. दहा मिनिटं चिकाटी ठेवली तर बहुतेक बिटा परत येतात. कानस मात्र लावू नका. जुन्या काळच्या नुसत्या तांब्याच्या बिटा घासून चालायच्या, त्यामुळे जुने मिस्त्री अजून कानस हातात घेतात. आजच्या बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला भोक पडतं.

डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, नेमका कसा द्यायचा?

सोल्डर आयर्नला लावून ते जोडावर नेऊन थापायचं नाही. निम्मी माणसं हेच करतात, कारण हात दोनच आणि बोर्ड हलतो. आयर्नवर नेईपर्यंत तारेतला फ्लक्स उडून गेलेला असतो. मागे उरतं ते नुसतं कोरडं शिसं-कथील, आणि ते पॅडवर बसतं पण धरत नाही.

आधी बोर्ड पक्का करा. छोटा शिकंजा नसेल तर लाकडाच्या दोन पट्ट्यांत अडकवा. पार्टचे पाय खालच्या बाजूने किंचित फाकवा, म्हणजे बोर्ड उलटा केल्यावर तो पडत नाही. पॅड मळका किंवा काळसर असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. बिट चोथ्यात फिरवा आणि टोकाला अगदी राईएवढं सोल्डर घ्या. हे जोडासाठी नाही, बिट आणि पॅडमधली हवेची फट भरून उष्णता पोचवण्यासाठी आहे.

आता बिटचं चपटं अंग पॅड आणि पाय या दोघांना एकाच वेळी टेकवा. टोक नव्हे, अंग. एक सेकंद. मग तार दुसऱ्या बाजूने, म्हणजे बिटच्या समोरून, पाय आणि पॅडच्या सांध्यात लावा. जोड पुरेसा तापलेला असेल तर तार स्वतःहून वितळून पायाभोवती फिरते आणि बिटकडे धावत येते. सोल्डर नेहमी उष्णतेकडे जातं. पॅड भरला की आधी तार काढा, मग आयर्न. उलट क्रमाने काढलंत तर तार जोडात चिकटून राहते. आयर्न काढल्यावर सोल्डरवर चमकेची एक लाट गोठताना दिसते, तोवर बोर्डाला श्वासही लागू देऊ नका. फुंकर मारणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. फुंकर मारल्याने जोड घाईने आणि वाकडातिकडा गोठतो, शिवाय तोंड जोडाच्या वर येतं आणि सगळा धूर नाकात जातो.

सगळं मिळून तीन सेकंद, फार तर चार. पाच सेकंदांत झालं नाही तर थांबा, थंड होऊ द्या, थोडा फ्लक्स लावा आणि पुन्हा करा. रेटत बसू नका. पाय कापायचे ते सोल्डर गोठल्यावर, डागाच्या किंचित वरून. डागातूनच कटर मारला तर जोडाला धक्का बसतो.

चांगला डाग कसा ओळखायचा?

कडेने आत वळलेला, पायाला वर चढत गेलेला, पॅडच्या कडेपर्यंत पसरलेला. पायाची आकृती सोल्डरमधून कळली पाहिजे. गोळा होऊन बसला असेल तर दोन शक्यता: सोल्डर जास्त झालं, किंवा पॅड मळका होता आणि सोल्डर त्याला धरलंच नाही. पॅड आणि गोळ्यामधला कोन बघा. गोळ्याची कड खाली आत वळत असेल तर ते धरलेलं नाही.

शिशाचा चांगला डाग चमकतो. बिनशिशाचा चांगला असूनही थोडा मंद, दाणेदार दिसतो. फक्त चमकेवरून निकाल देऊ नका.

सोल्डर धरतं म्हणजे तांब्याला नुसतं चिकटत नाही. तांबं आणि कथील यांच्या संयुगाचा एकदोन मायक्रॉनचा थर सांध्यावर तयार होतो आणि तोच जोड असतो. तो तयार झाला नाही तर जोड नाही. आणि दहा वेळा गरम करून तो फार जाड केला तर तो ठिसूळ. म्हणून चांगला बसलेला डाग दिसायला जरा वाकडा असला, तरी सुंदर करायच्या नादात पुन्हा पुन्हा तापवू नये.

सेटला थोपटलं की चालू होतो, पुन्हा बंद पडतो. हे काय असतं?

ड्राय सोल्डर, म्हणजे चिरून सुटलेला डाग. तो बहुधा जड, तापणाऱ्या आणि बाहेरून ओढ बसणाऱ्या पार्टना होतो: ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर, हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर. भिंगातून बघितलं तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. पार्ट तापतो, पसरतो, थंड होतो, आकसतो, आणि वर्षानुवर्षं हे चालून सोल्डर थकतं. पंपाच्या स्टार्टरमध्ये वर कॉन्टॅक्टरचा दणका असतो आणि उन्हात तापणारा पत्र्याचा डबा. मिरजेतून गाणं शिकणाऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे येतात, त्यांत जवळपास नेहमी अ‍ॅडॉप्टरच्या जॅकचाच डाग सुटलेला असतो, कारण वायर तिथेच ओढली जाते.

वरून नवीन सोल्डरचा थेंब टाकून चालत नाही. जुनं सोल्डर ते ओढून घेणाऱ्या हातपंपाने काढा, पाय खरवडून फ्लक्स लावा, नव्याने डाग द्या. जॅकसारख्या ठिकाणी वायरची ओढ बोर्डावर येणार नाही अशी गाठ किंवा क्लिप द्या, नाहीतर पुढच्या दिवाळीला तोच सेट परत येतो.

पेस्टची डबी वापरावी का?

डबीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. राळेची पेस्ट असेल तर वापरा. राळ ही चीड-पाइनच्या झाडाचा चीक. ती वितळली की तिच्यातलं आम्ल जागं होतं आणि तांब्यावरचा ऑक्साइड खातं. थंड होऊन कडक झाली की ते आम्ल पुन्हा निजतं. म्हणून बोर्डाला ती चालते. पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची पेस्ट किंवा झिंक क्लोराइडचं आम्ल असेल तर बोर्डाजवळ आणू नका. डाग फार सुरेख बसतो, आणि पावसाळ्यात हवेतली ओल ओढून तोच फ्लक्स ट्रॅक हिरवे करून खातो. नवसागरही तसाच. कल्हईला ठीक, बोर्डाला विष.

डबी कसली आहे हे कळत नसेल तर ती विसरा आणि पारदर्शक राळेचा खडा आयपीएमध्ये विरघळवून स्वतःचा फ्लक्स बनवा. छोट्या बाटलीत ठेवा, ब्रशने लावा.

नंतर फ्लक्स पुसावा का?

नो-क्लीन, म्हणजे न पुसायच्या जातीचा, असेल तर राहिला तरी चालतो. इतर पुसा. आयपीए शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या. कोरोनानंतर घराघरांत उरलेल्या सॅनिटायझरने पुसू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि बोर्डावर चिकट थर राहतो. थिनर आणि पेट्रोलने प्लास्टिकचे पार्ट आणि वरची छपाई जाते. दारू, मातीचं तेल वगैरे प्रयोगही पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल बोलत नाही. आयपीए पेटतं, आयर्न शेजारी तापत ठेवून बाटली उघडी ठेवू नका. पुसल्यावर पांढरी पूड दिसली तर फ्लक्स अर्धवट विरघळला आहे, ताज्या आयपीएने पुन्हा पुसा.

शेतातल्या डब्यात बसणारा बोर्ड असेल तर साफ करून, वाळवून वर कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या थराचा, फवारा मारावा. ओलीइतकाच उपद्रव पालींचा आहे. त्या ऊब शोधत डब्यात शिरतात आणि दोन ट्रॅकवर आडव्या पडतात.

ग्राउंडचा पॅड तापतच नाही. तापमान वाढवू का?

आधी बिट बदला. टोकदार बिट दिसायला नाजूक कामाची वाटते, पण तिच्यातून उष्णता जातच नाही. छिन्नीसारखी चपटी, पॅडएवढी रुंद बिट लावा. मोठ्या तांब्याला जोडलेल्या पॅडची उष्णता आजूबाजूला पसरते, त्यामुळे बोर्ड खालून हॉट एअरने किंवा प्रीहीटरने शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत कोमट करून घेतला तर अवघड डागही सहज बसतो. यानंतरही जमलं नाही तरच वीस-तीस अंश वाढवा.

पार्ट काढायचा कसा, पॅड न उखडता?

वेडं वाटेल, पण आधी ताजं सोल्डर घाला. जुनं सोल्डर ऑक्साइड होऊन जड झालेलं असतं, नवं मिसळलं की ते फ्लक्ससकट पातळ होतं. मग पंप. पंपाचं टोक वितळलेल्या सोल्डरला जवळजवळ टेकवूनच बटण दाबा, दुरून हवा ओढू नका. बारीक पॅडना विक, म्हणजे तांब्याची विणलेली पट्टी. पट्टी पॅडवर, पट्टीवर फ्लक्स, वर रुंद बिट. पट्टी पॅडवर घासायची नाही, आणि उचलताना बिट व पट्टी बरोबर उचलायची. पट्टी गोठून चिकटली असताना ओढली की पॅड तिच्याबरोबर येतो.

मेलेल्या आयसीला (चिपला) वाचवायचं कारण नाही. पाय एकेक कापा, धड बाजूला करा, मग एकेक पाय चिमट्याने काढा. बोर्ड महाग, आयसी स्वस्त, हा हिशोब लक्षात ठेवावा.

पॅड उखडलाच तर?

बोर्ड फेकू नका. ट्रॅक कुठे जातो ते शोधा, त्यावरचा हिरवा रंग ब्लेडने दोनतीन मिलिमीटर खरवडा, कथील लावा आणि बारीक तारेने पाय थेट तिथे जोडा. तार बोर्डाला गोंदाने पक्की करा. तपकिरी, कागदी फेनॉलिकच्या स्वस्त बोर्डांवर पॅड फार पटकन सुटतात. काचेच्या धाग्यांचे हिरवे एफआर-४ बोर्ड जास्त सोसतात. समोर तपकिरी बोर्ड आला की तीन सेकंदांचा नियम दोनवर आणा.

एसएमडी पार्ट, म्हणजे भोकाशिवाय थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे पार्ट, हाताने लावता येतात का?

येतात, आणि एकदा जमलं की पायवाल्यांपेक्षा सोपे वाटतात, कारण बोर्ड उलटासुलटा करावा लागत नाही. सुरुवात १२०६ मापापासून करा, तो ३.२ बाय १.६ मिलिमीटर असतो. मग ०८०५, म्हणजे २ बाय १.२५. ०६०३ ला भिंग लागेल. चाळिशी ओलांडलेल्यांना आधीच लागेल.

एका पॅडवर थोडं सोल्डर ठेवा. चिमट्यात पार्ट धरा, ते सोल्डर वितळवा आणि पार्ट सरकवत आत न्या. आयर्न काढा, गोठू द्या, मग चिमटा सोडा. सरळ बसला का बघा, आता सुधारणं सोपं आहे. मग दुसरी बाजू नीट डागा आणि शेवटी पहिलीला फ्लक्स लावून ताजी करा. सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगाला बिट टेकवू नका, अचानक तापल्याने त्यात न दिसणारी चीर जाते. बिट पॅडला टेकवा, उष्णता तिथून येऊ द्या.

आयसीचे पाय १.२७ मिलिमीटर अंतरावर असतील तर एकेक डाग देता येतो. अर्ध्या मिलिमीटरवर असतील तर ओढत डाग द्यायचा. आयसी चारी बाजूंनी पॅडवर तंतोतंत बसवा, समोरासमोरचे दोन कोपरे पक्के करा, सगळ्या पायांवर सढळ हाताने फ्लक्स लावा, रुंद बिटवर थोडं सोल्डर घेऊन पायांच्या ओळीवरून सावकाश ओढत न्या. फ्लक्स पुरेसा असेल तर प्रत्येक पाय आपल्यापुरतं सोल्डर घेतो. शेवटच्या दोनतीन पायांना एकत्र जोडणारा सोल्डरचा पूल होतोच. घाबरू नका, फ्लक्स लावून स्वच्छ बिटने बाहेरच्या दिशेला ओढा किंवा विक लावा. इथे कंजूषी फक्त सोल्डरची करायची, फ्लक्सची नाही.

पोटाखाली पॅड असलेल्या आणि बीजीए जातीच्या (खाली सोल्डरचे गोळे असलेल्या) आयसी आयर्नने होत नाहीत. त्यांना हॉट एअर किंवा रीवर्क स्टेशन लागतं.

पुरात भिजलेला बोर्ड दुरुस्त होतो का?

सांगलीत हा प्रश्न दर काही वर्षांनी येतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा गावभागातून पाट्या भरभरून इन्व्हर्टर, मिक्सर, टीव्ही येतात, आणि त्यांतले निम्मे पाण्याने मेलेले नसतात, मालकाने घाईने बटण दाबून बघितल्याने मेलेले असतात.

बटण दाबू नका. बॅटरी लगेच काढा. वीज आणि ओल एकत्र असली की तांबं काही तासांत खाल्लं जातं, नुसती ओल असेल तर बराच वेळ मिळतो. मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरला नाही ना, हे मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नका. २३० व्होल्टच्या लाइनवरून चार्ज झालेला कपॅसिटर ३२५ व्होल्ट धरून बसतो.

गाळ ओला असतानाच धुवा. वाळला की तो आयसीच्या खाली सिमेंट होतो. आधी नळाचं स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए. पाण्यात भिजलेला बोर्ड पुन्हा पाण्याने धुवायचा, हे लोकांना पटत नाही. पण बोर्ड मरतो तो मागे उरणाऱ्या गाळाने आणि क्षारांनी, ते फक्त पाण्यानेच जातात. रिले, स्विच, व्हॉल्यूमचे पॉट, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर यांच्या पोटात पाणी राहतं. ते एकतर काढून वेगळे वाळवा किंवा बदला. बोर्ड पंख्याखाली दोनतीन दिवस ठेवा.

मग भिंग घेऊन बसा. हिरवट झालेला डाग तापवण्याआधी खरवडा, फ्लक्स लावा, जुनं सोल्डर काढून नवीन द्या. हिरव्या थरावर आयर्न टेकवलं तर सोल्डर धरत नाही आणि तुम्ही वेळ वाढवत जाता, मग तीच पॅड उखडण्याची गोष्ट. चिरलेले ट्रॅक तारेने जोडा. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून त्यातून वीज द्या. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बोर्ड वाचतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

धुराने, शिशाने काही होतं का?

धूर शिशाचा नसतो. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल. धूर राळेचा असतो, आणि तो रोज नाकात गेला तर दमा लागू शकतो. छोटा पंखा बाहेर ओढणारा लावा, जोडाच्या बाजूने बघा, वरून वाकू नका.

शिसं पोटात जातं ते हातावाटे. तार चिमटीत धरून काम करायचं आणि त्याच बोटांनी तंबाखू मळायची, हे मी रोज बघतो. समोर भडंगाची पुडी उघडी ठेवून काम करणारेही काही कमी नाहीत. काम झालं की साबणाने हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, तार दातात धरू नका. घरात लहान मूल रांगत असेल किंवा कुणी गरोदर असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम नको.

स्टॅटिकची भीती आपल्याकडे खरी आहे का?

पावसाळ्यात फारशी नाही. जानेवारी ते मे हवा कोरडी असते, तेव्हा आहे. मॉसफेट आणि मायक्रोकंट्रोलर हाताळताना एक मेगओहमचा रेझिस्टर असलेला मनगटाचा पट्टा लावा. त्याहून मोठा शत्रू म्हणजे अर्थिंग नसलेलं आयर्न. त्याच्या बिटला टेस्टर लावून बघा. पेटला तर ते गळकं आयर्न आयसीला लावू नका.

सामान कुठून आणावं, सराव कशावर करावा?

तार, पंप, साधं आयर्न सांगली-मिरजेत मिळतं. बिटांचे वेगवेगळे आकार, चांगला फ्लक्स आणि एसएमडी पार्ट यांच्यासाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचं लॅमिंग्टन रोड गाठावं लागतं, नाहीतर ऑनलाइन. सरावाला भंगारातला टीव्हीचा किंवा सेट टॉप बॉक्सचा बोर्ड घ्या. आधी सगळे पार्ट काढा, मग तेच परत लावा. काढताना हात जास्त शिकतो.

कुठे सोल्डर करूच नये?

स्टार्टरच्या किंवा मीटरच्या स्क्रूखाली जाणाऱ्या वायरच्या टोकाला. नीटनेटकं दिसावं म्हणून लोक तिथे कथील लावतात. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो, संपर्क तापतो आणि टर्मिनल वितळतं. तिथे लग किंवा फेरूल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवावी.

अ‍ॅल्युमिनियमच्या वाइंडिंगला साधं सोल्डर आणि राळ धरत नाही. हवा लागताच तिच्यावर ऑक्साइडचा कठीण थर येतो आणि राळ त्याला काही करू शकत नाही. स्वस्त पंख्यांच्या, मोटारींच्या तारा आता अनेकदा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, तांब्यासारखा रंग वरच्या इनॅमलचा असतो. ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला, जोड द्या.

आणि फवारणीच्या पंपातल्या लिथियम सेलवर थेट डाग कधीच नाही. तीन सेकंदांत सेलच्या आतला पातळ पडदा वितळू शकतो, आणि मग आत शॉर्ट होऊन सेल पेटतो. तिथे निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात. आमच्याकडे ते यंत्र नाही, म्हणून असे पॅक आम्ही दुरुस्तीला घेत नाही.